लेकीनं पायाला हात लावू नये

नीरजा पाळंदे दिवसाकाठी परक्या माणसांचे जितके पाय हातात घेई, तितके तिच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या न्हाव्यानंही घेतले नसतील. नावाड्यांचे पाय, विणकरांचे, रिक्षावाल्यांचे. भेगाळलेले, चिखलानं माखलेले, कधी बोटं काळी पडलेले. त्या पायांवर तीन बोटं टेकवून ती नाडी शोधायची. आणि जन्मदात्या बापाच्या पायाला मात्र वयाची तिशी उलटली तरी तिचा हात लागलेला नव्हता. यात काही विचित्र आहे असं कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती. काशीत असंच असतं.

म्हणजे काशीतल्या मराठी घरांतही असंच असतं. पाळंद्यांचे पूर्वज साताऱ्याकडून कधी आले, कुणाबरोबर आले, हे नाना, म्हणजे नीरजाचे वडील विश्वेश्वरशास्त्री, दर वेळी निराळं सांगत. घरात भाषा मराठी राहिली, पुरणपोळी मराठी राहिली. चालीरीती मात्र शेजारून उसन्या आल्या आणि परत करायच्या राहून गेल्या. या मुलखात लेक म्हणजे देवी. तिनं थोरांच्या पायाला हात लावायचा नाही. लावला तर पाप थोरांना. उलट नवरात्रातल्या अष्टमीला बापानं तिला पाटावर बसवून तिचे पाय धुवायचे. नीरजा चांगली मोठी होईपर्यंत नानांनी तिचे पाय गंगेच्या पाण्यानं धुतले होते, बोटाबोटांच्या मधून, देव्हाऱ्यातल्या मूर्तीला स्नान घालावं तसे. एकदा साताऱ्याला लग्नाला गेले असता सगळ्या मुली वाकून नमस्कार करत होत्या आणि ही एका बाजूला खांबासारखी उभी. आत्या म्हणाली, "दादा, मुलीला वळण काही लावलं नाहीस." नाना शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं लेकीला पाया पडू देत नाहीत. आम्ही काशीचे." नीरजा तेव्हा अभिमानानं इतकी फुगली की परतीच्या गाडीत तिनं आईशी भांडून खिडकी घेतली.

या लाडावलेल्या देवीनं पुढं शस्त्रक्रियेत एम.एस. केलं. मुलाखतीत एका परीक्षकानं विचारलं होतं, लग्न झाल्यावर काय करणार? ती म्हणाली होती, टाके घालीन. मग ती डॉ. रस्तोगी यांच्या हाताखाली हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेऊ लागली. हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. हृदयाला तेव्हाही मान होता, पायातल्या रक्तवाहिन्या कुणाच्या गणतीत नव्हत्या. विडी, जर्दा आणि साखर यांनी त्या आतून बारीक होत जातात, पायाला रक्त पुरेनासं होतं, आणि एक दिवस अंगठा काळा पडतो. मग पाय कापायचा, एवढंच शास्त्र लोकांना ठाऊक. हा पाय कापायची वेळच येऊ द्यायची नाही, या हट्टानं रस्तोगीसर पेटलेले असत, आणि त्यांनी नीरजालाही पेटवलं होतं.

सरांनी पहिल्याच आठवड्यात तिला एक सवय लावली. रोग्याच्या पायाची नाडी बघताना दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवायचा. "अपनी उँगली पर भरोसा मत करो, डॉक्टर साहिबा," सर म्हणाले. "उसमें तुम्हारा अपना खून भी चलता है." थंड पायावर बोटं दाबून धरली की स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवतात आणि माणूस खुशाल लिहून मोकळा होतो, नाडी आहे म्हणून. मनगटाचा आणि पायाचा ठोका बरोबर पडला तरच तो रोग्याचा. नीरजानं ही सवय इतकी अंगी मुरवली की ती घरी मांजराला उचलायची तेव्हाही तिचा एक हात मांजराच्या पंज्यावर जायचा.

दुसरी गोष्ट तिला रामनगरच्या विष्णु नावाड्यानं शिकवली. त्याचा अंगठा काळा पडला होता, तरी तो सांगे की पाय कधी दुखलाच नाही. "दरद काहे का, बिटिया? बस थोड़ा सुस्ता लेते थे." चालताना पोटरी भरून आली की तो बसायचा, खैनी मळायचा, आणि कळ गेली की उठायचा. तेव्हापासून नीरजा विद्यार्थ्यांना बजावायची, "दुखतं का म्हणून विचारू नका. कुठं थांबता, ते विचारा." विद्यार्थी मान हलवायचे. शिकवणं सोपं असतं.

प्रबंधासाठी तिनं विषय घेतला तोही यातलाच. ज्या वयस्कर माणसांना पायाची काही तक्रार नाही, त्यांच्यातही रोग लपून वाढतो का? त्यासाठी डॉप्लर नावाचं एक छोटं यंत्र होतं. घोट्याशी जेली लावून त्याचं पेनासारखं टोक टेकवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा हुश्श हुश्श आवाज येई. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा, तसाच घोट्याला बांधून घ्यायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. घोट्याचा दाब फार कमी भरला, तर समजायचं की वाटेत कुठंतरी अडलंय. आता बिनतक्रारीची म्हातारी माणसं आणायची कुठून? तिला आपला मोहल्ला आठवला. गणपतीत दूधविनायकच्या मांडवात सगळे मराठी म्हातारे एका जागी आयतेच सापडतात.

भाद्रपदातल्या त्या रविवारी आरती झाल्यावर तिनं मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजी घातली, आणि पहिला पेच तिथंच पडला. म्हातारे पाय पुढं करीनात. मोहल्ल्याची लेक, तिच्या हाती पाय कसा द्यायचा? शेवटी शेजारचे ज्योतिषी ढुंढिराजकाका पुढं आले. "डॉक्टरचा हात तो लेकीचा हात नव्हे. यमानं विचारलं तर मी जवाब देईन," असं म्हणून त्यांनी सतरंजीवर ऐसपैस पाय पसरले. मग रांगच लागली. यंत्रातून आपलं रक्त बोलताना ऐकून म्हातारे पोरांसारखे खूश झाले. प्रत्येकाला तिनं नियमाप्रमाणं विचारलं, चालताना पाय दुखतो का? नाही म्हणेल तो निरोगी गटात. ही प्रश्नावली दुसरीकडच्या कुठल्याशा अभ्यासावरून जशीच्या तशी घेतली होती. विष्णु नावाड्याचा धडा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या बाईला तो स्वतःच्या कागदावर उतरवायचं सुचलं नाही.

सगळ्यांत शेवटी नाना राहिले. नाना खांबाला टेकून पान चघळत होते.

"या, नाना."

"मी नाही."

"अहो, काकांनी निकाल दिलाय ना!"

"काकांचा निकाल काकांपाशी. दुसऱ्याच्या लेकीनं पाहिलं तर ती डॉक्टर. आपल्या लेकीनं पाहिलं तर ती लेकच." असं म्हणून नानांनी दोन्ही पाय मागे घेतले आणि धोतराच्या सोग्याखाली झाकले. "ज्या हातांनी तुझे पाय धुतले, त्या हातांनी आता माझे पाय तुझ्यापुढं करू? मला नरकात पाठवतेस?"

"निदान सांगा तरी, चालताना दुखतं का?"

"छे गं. मी तर दिवसभर चालतच असतो."

मांडव हसला. नीरजाही हसली. तिनं यंत्र पुसून डब्यात ठेवलं. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं होतं. एवढ्या लोकांत नाना तिला अजून ती पाटावर बसलेली देवी मानत होते.

आता नानांकडं बघायला हवं होतं, ते कुणी बघितलं नाही. बालाजी घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी करणं, हे नानांचं काम. सगळं अनवाणी, घाटाच्या पायऱ्या चढून उतरून. त्यांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि पेढे समोर आले की कुणालाच माहीत नसायचं. जर्द्याचं पान तोंडात अखंड. गेल्या दोनेक वर्षांपासून नाना गप्पिष्ट झाले होते. पूर्वी घाटावरून तडक घरी येणारा हा अबोल माणूस आता पायऱ्यांच्या मध्यावर थांबून गंगा न्याहाळी, पानवाल्याशी राजकारण बोले, पुढं एका ओट्यावर बसून दूधवाल्याच्या म्हशीची तबियत विचारी. शरदिनीबाई, नीरजाची आई, कौतुकानं म्हणायच्या, "म्हातारपणी यांना माणसांची आवड लागली." नीरजानंही हे इस्पितळात चहा पिताना किती जणांना हसत सांगितलं होतं.

पौषात थंडी पडली. गल्ल्यांत धुकं साचून राहिलं. नाना म्हणू लागले, पाय फार गार पडतात. थंडीत कुणाचे पडत नाहीत? शरदिनीबाईंनी त्यांच्या खाटेशी बोरसी सरकवली. निखाऱ्यांनी भरलेलं ते मातीचं भांडं त्या दिवसांत काशीतल्या घराघरांत असतं. नाना उजवा पाय त्याच्या काठाला लावून बसत. साखरेनं बधिर झालेल्या पावलाला चटका कळला नाही. अंगठ्याशी फोड आला तो त्यांनी हळद भरून झाकला, वर लोकरी मोजा चढवला. विचारलं की सांगत, ठेच लागली.

एके सकाळी इस्पितळात निघालेल्या नीरजाला आईनं जिन्यात गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "यांच्या खोलीत वास येतोय गं. उंदीर मेलाय का बघ."

नीरजा नानांच्या खोलीत गेली. तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. नाना उशीला टेकून बसले होते, पाय रजईखाली. तिनं काही न विचारता रजई उचलली आणि मोजा काढायला लागली. नानांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण तिनं तो धरून ठेवला. अशा रीतीनं बापाच्या पायाला तिचा पहिला हात लागला. अंगठा काळा होता आणि काळेपणा वर सरकत होता. तिनं पावलावर तीन बोटं ठेवली, दुसरा हात त्यांच्या मनगटावर. मनगटात नाडी खणखणीत उडत होती. पायात काही नव्हतं.

"केव्हापासून, नाना?"

"परेशान होऊ नकोस. ठेच आहे." मग ते भिंतीकडं बघायला लागले.

इस्पितळात रक्तवाहिन्यांचे फोटो काढले तेव्हा मांडीच्या खालच्या नळ्या फांद्या छाटलेल्या झाडासारख्या दिसल्या. सरांनी ठरवलं, डाव्या पायातली शीर काढून बंद वाटेला वळसा घालून जोडायची. लागली तर लागली. घरच्या माणसावर हात चालवायचा नाही हा सरांचा नेम, त्यामुळं नीरजा बाहेर बाकावर आईशेजारी बसली. आईला ती सगळं समजावून सांगत होती आणि तिचं तिलाच कळत होतं की ती परीक्षेत उत्तर द्यावं तसं बोलतेय. आई मधेच म्हणाली, "ते सगळं असू दे. हे चालतील का?"

शस्त्रक्रिया झाली. यंत्र टेकवलं की जोडलेल्या शिरेतून हुश्श हुश्श ऐकू येई, आणि नीरजा येता जाता ते ऐकून जाई. पाऊल कोमट झालं. नानांनी पेढा मागितला, तिनं खडसावलं, दोघं हसले. मग एका दुपारी तिनं टोक टेकवलं आणि आवाज आला नाही. जेली कमी पडली असेल म्हणून आणखी लावली. बॅटरी बदलली. शेवटी तिनं ते टोक स्वतःच्या मनगटावर ठेवलं. यंत्र ठणठणीत होतं, हुश्श हुश्श करत होतं. सरांनी पुन्हा उघडून गुठळी काढली, पण शीर पुन्हा बंद पडली. आता गुडघ्याखालून पाय काढणं एवढंच उरलं होतं, नाहीतर विष अंगभर पसरणार होतं.

हे नानांना सांगायला सर निघाले होते. नानांनी निरोप पाठवला, सर नकोत, नीरजाला पाठवा.

ती खुर्ची ओढून बसली. नाना म्हणाले, "बोल. डॉक्टरसारखं बोल."

"पाय काढावा लागेल, नाना. नाहीतर तुम्ही राहत नाही."

"आणि घाट? व्यंग आलेल्या ब्राह्मणाला श्राद्धाला कोण बोलावतो? सगळा जन्म त्या पायऱ्यांवर गेला माझा." मग म्हणाले, "मांडवात तू बसली होतीस ना यंत्र घेऊन. तेव्हाही दुखत होतं. पोटरीत कळ यायची, की मी बसायचो. तू हात लावलास की तुला कळणार, आणि तू मला घरी बसवणार. म्हणून रिवाज पुढं केला." त्यांनी डोळे मिटले. "मी देवाच्या नावावर खोटं बोललो, बेटा."

नीरजाला त्यांचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. एवढ्या माणसांत तिला देवी करून बसवलं, आणि त्या देवीपासूनच पाय चोरला! आणि त्याच क्षणी तिला स्वतःचाही राग आला, कारण गुन्हा एकट्या नानांचा नव्हता. गप्पिष्ट झालेला बाप, मध्यावर थांबणारा, ओट्यावर बसणारा, आणि त्याची पोरगी जगाला शिकवतेय, कुठं थांबता ते विचारा. "मी सोडून दिलं, नाना," ती म्हणाली. "तुम्ही पाय मागे घेतलेत आणि मला आवडलं ते. मी डॉक्टर होते तिथं, आणि मला लाड करून घ्यायचे होते." आणि मग त्या खुर्चीवर बसून ती लहान मुलीसारखी रडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाय दुसऱ्या दिवशी काढला.

जखम भरली. नाना कुबड्या घेऊन खोलीतल्या खोलीत फिरू लागले. घाटावरून आधी विचारणा येई, शास्त्रीबुवा कसे आहेत म्हणून. मग तीही बंद झाली. यात्रेकरू दुसऱ्यांकडं वळले. नाना त्याबद्दल बोलत नसत, पण घाटावरची घंटा ऐकू आली की त्यांचं जेवण ताटात तसंच राही.

नीरजानं सरांना जाऊन सांगितलं की प्रबंधातला निरोगी गट खोटा आहे. प्रश्नच चुकीचा विचारलाय. सर वैतागले, वर्षभराचं काम होतं. पण त्यांनीच तर तिला स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकवलं होतं, त्यामुळं त्यांना फार बोलता येईना. ती पुन्हा मोहल्ल्यात घरोघर हिंडली आणि एवढंच विचारलं, "घाटावरून येताना कुठं टेकता?" उत्तरं ऐकून ती हबकली. कुणाचा ओटा ठरलेला, कुणाचं पानाचं दुकान, कुणाचं देऊळ. यमाला जवाब देणारे ढुंढिराजकाकासुद्धा म्हणाले, "मारुतीशी थांबतो ना रोज. दर्शन होतं, आणि पोटरीतली कळही जाते." तिनं त्यांना तिथल्या तिथं पाय पसरायला लावले. काशीतली माणसं दुखतं असं म्हणत नाहीत. ती थांबतात आणि त्याला काहीतरी चांगलं नाव देतात. हे तिनं प्रबंधात लिहिलं, अर्थात परीक्षकांना चालेल अशा भाषेत.

काकांचा पाय वेळेत सापडला, जर्दा सुटला, औषधं सुरू झाली. मोहल्ला नीरजाचं गुणगान करू लागला. ती घरी आली की त्या स्तुतीनं तिचा जीव गुदमरे. बाहेरच्या खोलीत नाना बसलेले असत, धोतराचा एक सोगा रिकामा.

चैत्रातल्या एका सकाळी ती निघायच्या घाईत होती. चपला घालताना मागून नानांनी हाक मारली.

"नीरजा, जरा इधर ये."

ती गेली. नाना खाटेच्या काठावर बसले होते. आदल्या दिवशी अष्टमी होती. शेजारच्या घरात कुमारिका जेवल्या होत्या, त्यांच्या पायांचे कुंकवाचे ठसे अजून दारापर्यंत दिसत होते. नानांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि राहिलेला डावा पाय तिच्यापुढं केला. तो पाय नीट धुतलेला होता, बोटाबोटांच्या मधूनसुद्धा. कुबडी टेकून नळापर्यंत जाऊन त्यांनी तो स्वतः धुतला असणार.

"आता एवढाच आहे," नाना म्हणाले. "बघ."

ती खाली बसली. पाऊल मांडीवर घेतलं. तीन बोटं पावलावर टेकवली आणि दुसरा हात नानांच्या मनगटाकडं नेला. पावलावर तिला काहीतरी उडताना जाणवलं, पण मनगटाशी त्याचा मेळ बसेना. ते तिचंच रक्त होतं, तिच्याच घाबरलेल्या छातीतलं. तिनं बोटं काढून घोट्याच्या मागं ठेवली आणि श्वास रोखला. तिथं अगदी बारीक ठोका होता. मनगटाशी ताडून पाहिला. बरोबर पडत होता. पुन्हा पाहिला, पुन्हा बरोबर पडला.

"लागतो का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण ते या घरात एकदा झालं होतं. "घोट्याशी लागतो, नाना. पावलावर नाही लागत. हाही धड नाही. रोज बघावा लागेल."

नानांनी मान हलवली. बाहेर तिला इस्पितळात नेणाऱ्या रिक्षावाल्यानं दोनदा हाक मारली. नीरजाची बोटं तिथंच होती, आणि नानांनी पाय मागे घेतला नाही.